हिट अँड रनची केस तालुक्याच्या कोर्टात नेमकी कुठे अडते?

गोदाकाठ
गेल्या पावसाळ्यात नाशिक-पुणे महामार्गावर माझ्या दाजींच्या मोटरसायकलला मागून एका पिकअपने उडवलं. पहाटेची वेळ होती, डेअरीवर दूध घालून ते परतत होते. गाडी थांबली नाही. दाजी जागेवरच गेले. वय ४२. मागे माझी बहीण, शाळेत जाणारी दोन मुलं आणि दाजींची आई.

गुन्हा 'अज्ञात वाहनचालका'विरुद्ध नोंदवला गेला. सुरुवातीला पोलीस दोन-तीनदा घरी आले, नंतर कोणी फिरकलं नाही. आता ठाण्यातून निरोप आलाय की गाडीचा शोध लागत नाही, 'अ' समरी कोर्टात पाठवतोय, नोटीस आली तर सही करून द्या. गावात कोणी म्हणतं सही केली की केस संपली. कोणी म्हणतं सरकार दोन लाख देतं ते घ्या आणि गप्प बसा. नव्या कायद्यात पळून जाणाऱ्याला १० वर्षं शिक्षा आहे असंही ऐकतो. मग आमच्या बाबतीत त्यातलं काहीच कसं दिसत नाही?

खालच्या कोर्टात अशा केसचं नेमकं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं. बहिणीला काय सांगू?

मीनल_क
फार वाईट वाटलं वाचून. ताईंना एवढंच सांगा, वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका.

हडपसरकर
कोर्टाकडून काय अपेक्षा करणार! पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते अख्ख्या देशाने पाहिलं. दोन तरुण इंजिनीअर गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर अटकेत. पैसा असला की सगळं मॅनेज होतं.

तालुका_वकील
हडपसरकर, तुमचा राग समजतो. पण ती केस इथे लागू पडत नाही. तिथे गाडी जागेवर होती आणि मुलाला लोकांनी पकडून दिलं होतं. 'कोणी केलं' हा प्रश्नच नव्हता. निबंधाचा आदेशही बाल न्याय मंडळाचा होता, नेहमीच्या फौजदारी कोर्टाचा नव्हे.

गोदाकाठ, तुमच्या केसमध्ये शिक्षेपर्यंत जायला अजून अवकाश आहे. आधी समरीचं, म्हणजे तपास बंद करण्यासाठी पोलीस कोर्टात पाठवतात त्या अहवालाचं बोलू. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. पोलीस नुसता अहवाल पाठवतात. तो मंजूर करायचा की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच सांगितलेलं आहे. तेव्हा नोटीस आली की हजर व्हा. 'हरकत नाही' असं लिहून देऊ नका. तपासात काय राहिलं ते मुद्देसूद लिहून पुढील तपासाची मागणी करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १९३ मध्ये त्याची सोय आहे.

मला फक्त एक सांगा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात काय जप्त केलंय?

गोदाकाठ
वकीलसाहेब, आभारी आहे. पंचनाम्याची प्रत मिळवतो आणि सांगतो.

चाकवाला
मी स्वतः ट्रकवर असतो. शिव्या पडतील हे माहीत असूनही लिहितोय. ड्रायव्हर पळतो कारण मागून जमाव येतो. माझ्या ओळखीच्या एका क्लीनरला नुसता गाडीत होता म्हणून इतका मारला की महिनाभर खाटेवर होता. थांबलो तर जिवाला धोका, नाही थांबलो तर १० वर्षं, मग करायचं काय? म्हणून तर जानेवारी २०२४ मध्ये संप झाला.

रानवाटा
त्या संपात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर थांबले आणि आमच्याकडे पंपांवर गावाबाहेरपर्यंत रांगा लागल्या होत्या. पण चाकवाला, एक सांगा. जमावाच्या तावडीतून सुटल्यावर दहा किलोमीटरवर पोलीस ठाणं असतंच ना? तिथे गाडी लावून "माझ्याकडून झालं" म्हणून सांगायला कोण अडवतं?

चाकवाला
मालक अडवतो. फोन केला की पहिलं वाक्य येतं, "गाडी थांबवू नको, माल पोचव." नोकरी त्याच्या हातात. पण तुमचं म्हणणं खोटं नाही. मी कळवलं असतं. सगळे कळवत नाहीत.

तालुका_वकील
दोघांचंही म्हणणं कायद्यात आधीपासूनच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दे, पण लोकांच्या क्षोभामुळे ते शक्यच नसेल तर सूट आहे. पोलिसांना कळवायचं मात्र सुटत नाही. अधिकारी जागेवर नसेल तर जवळच्या ठाण्यात, लवकरात लवकर आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत.

आता १० वर्षांबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १०६ ला दोन पोटकलमं आहेत. (१) निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत. (२) असा मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणं, १० वर्षांपर्यंत. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण हे दुसरं पोटकलम वगळून. संपानंतर ते स्थगित ठेवलंय. म्हणजे गोदाकाठ, तुम्ही ज्या १० वर्षांबद्दल ऐकलंत ती कागदावर आहेत, कोर्टात नाहीत. पळून गेल्याबद्दल आजही कलम १३४ सोबतचं १८७ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मीनल_क
माणूस रस्त्यावर टाकून पळण्याची शिक्षा सहा महिने? चाकवालादादांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, ते पोटकलम लागू व्हायलाच हवं. जखमी माणसाला पहिल्या तासात दवाखान्यात नेलं तर तो वाचू शकतो. पळणारा त्याची ती संधीच काढून घेतो.

निवृत्त_शिरस्तेदार
माझी सगळी नोकरी फौजदारी कोर्टांत गेली. अपघाताच्या फाइली हातावरून किती गेल्या त्याची गणती नाही. मीनलताई, कलम कडक केल्याने या फाइली सुटतील असं मला वाटत नाही. का ते सांगतो.

जुन्या कायद्यात २७९ (हयगयीने गाडी चालवणं) आणि ३०४-अ (हयगयीने मृत्यू) लागायचं, कमाल दोन वर्षं. आता ५ वर्षं झाली. पण प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा देता येते, आणि तीन तर सोडाच, फाइल शिक्षेपर्यंत पोचतच नाही. दोषारोपपत्र येतं. आरोपी जामिनावर. समन्स निघतं, साक्षीदाराने गाव सोडलेलं. पंचांपैकी एक वारलेला, दुसरा म्हणतो, "ठाण्यात कोऱ्या कागदावर सही घेतली होती." आरटीओचे निरीक्षक बदलून दुसऱ्या जिल्ह्यात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर पुढच्या शिक्षणाला गेलेले. तपास अंमलदार निवृत्त. एकेकाला आणायचं म्हणजे तारखांवर तारखा.

आणि समजा आला साक्षीदार. सरकारी वकील विचारतात, काय पाहिलं? तो म्हणतो, "गाडी भरधाव होती." उलटतपासात विचारतात, वेग किती? "सांगता येत नाही." गाडी कोणत्या बाजूला होती? "आवाज आला म्हणून वळून पाहिलं." तिथेच केस बसते. नुसतं 'भरधाव' म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलंय आणि बचाव पक्षाच्या प्रत्येक वकिलाला तो निवाडा पाठ असतो. साहेब सुटकेचा निकाल लिहितात आणि मृताची बायको बाकावर बसून असते. तिला वाटतं साहेबांनी आरोपीला सोडलं. खरं तर साहेबांसमोर धरण्यासारखं काही आलेलंच नसतं.

हडपसरकर
काका, सगळं खरं, पण खालची कोर्टं शिक्षा देतानाही हात आखडता घेतातच. वांद्र्याच्या कार्टर रोडची केस आठवा. नोव्हेंबर २००६, फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले. सत्र न्यायालयाने अ‍ॅलिस्टर परेराला दिले सहा महिने!

तालुका_वकील
आणि सत्र न्यायालयाच्या निकालाच्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावून तीन वर्षं दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. दारू पिऊन गाडी चालवताना काय होऊ शकतं याची जाणीव होती, मग हा नुसता निष्काळजीपणा नाही, सदोष मनुष्यवध आहे, हा तो मुद्दा. नव्या संहितेत तेच कलम १०५. हे लागलं की केस दंडाधिकाऱ्याकडून सत्र न्यायालयाकडे जाते.

शिक्षेत हात आखडता घेण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. आरोपी पहिल्यांदाच सापडलाय, घरी लहान मुलं आहेत, एवढ्यावर सौम्यता मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बजावलंय की अपघाती मृत्यूच्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आरोपीला सोडण्याची सवय कोर्टांनी लावून घेऊ नये. तरी होतं.

पश्चिमवारा
सलमान खानची केसही तशीच ना? सप्टेंबर २००२ चा अपघात. आधी वांद्र्याच्या दंडाधिकाऱ्यांसमोर ३०४-अ खाली चालली, मध्येच कलम वाढून सत्र न्यायालयात पहिल्यापासून. मे २०१५ मध्ये ५ वर्षं शिक्षा, त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयातून निर्दोष. तेरा वर्षं गेली आणि शेवटी चाक कोणाच्या हातात होतं हेच संशयापलीकडे सिद्ध झालं नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
बरोबर. एवढी गाजलेली केस, तरी 'चालवत कोण होतं' यावरच गेली. मग तालुक्यातल्या बिनचेहऱ्याच्या पिकअपचं काय सांगावं?

रानवाटा
मी एका अपघातात पंच होतो म्हणून सांगतो. रस्त्याने चाललो होतो, हवालदाराने हाक मारली. त्यांच्याकडे टेप नव्हती. टायर घासल्याच्या खुणा त्यांनी पावलांनी मोजल्या आणि कागदावर लिहिलं 'अंदाजे'. इंडिकेटरच्या काचा रस्त्यावर पडलेल्या. मी म्हटलं, या घ्यायच्या नाहीत का? ते म्हणाले, "लिहिलंय की." लिहिलं होतं, पण उचलल्या नाहीत. काही वर्षांनी कोर्टात उभा राहिलो तेव्हा मला पहिला प्रश्न त्या काचांचाच आला. त्या कुठे आहेत?

तालुका_वकील
रानवाटा, म्हणूनच मी वर पंचनाम्याचं विचारलं.

मीनल_क
आमच्या नात्यातला अनुभव. गाडीचा नंबर एका रिक्षावाल्याने टिपला होता. मालक म्हणाला गाडी माझीच, पण ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, पत्ता माहीत नाही. नंतर भलताच माणूस ड्रायव्हर म्हणून हजर केला. रिक्षावाल्याने कोर्टात स्पष्ट सांगितलं की हा तो नव्हे. फौजदारी केस तिथेच संपली. पण क्लेमची केस जिंकलो. हे कसं काय ते मला आजही नीट कळलेलं नाही.

तालुका_वकील
डमी ड्रायव्हर! नेहमीचा प्रकार. गाडी कोण चालवत होतं ते सांगणं मालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. पोलिसांनी ती नोटीस पहिल्याच दिवशी काढली तर मालकाला गोष्ट रचायला वेळ मिळत नाही.

क्लेम कसा जिंकलात ते सांगतो. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. शिवाय गाडी ठरली की भरपाईची जबाबदारी मालक आणि विमा कंपनीवर येते, ड्रायव्हर सापडो वा न सापडो. दोन्ही कोर्टं वेगवेगळी, एकातल्या सुटकेने दुसरं बुडत नाही.

आणि गोदाकाठ, हे तुमच्यासाठी. गाडी सापडण्या-न सापडण्यात पैशाचा फरक किती ते बघा. दाजी ४२ वर्षांचे, कमाई समजा महिना १५,००० धरली. पुढच्या वाढीसाठी २५ टक्के मिळवा, १८,७५० झाले. वर्षाचे २,२५,०००. चार जण अवलंबून, म्हणून स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा, उरले १,६८,७५०. या वयाला गुणक १४. होतात २३,६२,५००, वर अंत्यविधी वगैरेची ठरावीक रक्कम वेगळी. हे गणित सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निवाड्यांत घालून दिलंय. गाडी नाही सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली सरकारी योजनेतले दोन लाख. संपलं.

हडपसरकर
तेवीस लाख आणि दोन लाख. पोलिसांनी एक काच उचलली नाही म्हणून.

चाकवाला
रानवाटांनी काचेचं काढलंच आहे तर सांगतो. पिकअपचा हेडलाइट फुटला की तो नवीनच टाकावा लागतो, आणि फुटलेल्या तुकड्यावर आतल्या बाजूला बहुतेक वेळा कंपनीचा छाप आणि पार्टचा नंबर असतो. त्यावरून कोणत्या मॉडेलचा ते कळतं. पहाटेच्या वेळी त्या रस्त्याला बाहेरच्या गाड्यांपेक्षा भाजीच्या आणि दुधाच्या रोजच्या गाड्या जास्त. म्हणजे गाडी जवळपासची असण्याची शक्यता मोठी. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव इथल्या गॅरेजवाल्यांना आणि स्पेअर पार्टच्या दुकानदारांना त्या आठवड्यात हेडलाइट कोणी घेतला ते विचारायला हवं होतं. विचारलं का?

गोदाकाठ
प्रत मिळाली. पंचनाम्यात शब्द आहेत, "पांढऱ्या व काळसर रंगाचे प्लास्टिकचे तुकडे मिळून आले." आणि पुढे, "सीलबंद केले." म्हणजे आमच्या बाबतीत उचललेत! मुद्देमालाच्या खोलीत असणार. चाकवालादादा, गॅरेजमध्ये कोणी चौकशी केल्याचा एकही कागद फाइलमध्ये नाही. डेअरीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितल्याचं पत्र आहे, पण ते उशिरा गेलं आणि तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं.

अजून एक. दोन लाखांच्या योजनेबद्दल बहिणीला पोलिसांनी आजवर काहीच सांगितलेलं नाही.

तालुका_वकील
हे महत्त्वाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. गुन्हा नोंदवल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायचं की योजनेतून भरपाई मागता येते, आणि कोणाकडे मागायची तेही. हा मुद्दा हरकतीत जरूर घाला.

हरकतीत तीन गोष्टी लिहा. जप्त तुकडे तज्ज्ञाकडे किंवा कंपनीकडे मॉडेल ओळखण्यासाठी पाठवलेले नाहीत. गॅरेज आणि सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी नाही. महामार्गावरच्या पुढच्या टोलनाक्याकडून त्या वेळेतल्या मालवाहू गाड्यांची यादी मागितलेली नाही. टोलचं चित्रीकरण नसलं तरी फास्टॅगच्या नोंदी असतात. भाषणबाजी नको. दंडाधिकाऱ्यांना अशी ठोस यादी दिली तर समरी नाकारून पुढील तपासाचा आदेश द्यायला त्यांना आधार मिळतो. "तपास नीट झाला नाही" एवढंच लिहिलं तर मिळत नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
सहमत. आणि अर्ज टाइप करून, पंचनाम्याची प्रत जोडून, त्यातलं ते वाक्य अधोरेखित करून द्या. साहेबांसमोर सकाळी फाइलींचा गठ्ठा असतो. नेमकं बोट ठेवलेला अर्ज वाचला जातो.

पश्चिमवारा
वकिलाची फी परवडत नसेल तर? या घरातला कमावता माणूसच गेलाय.

तालुका_वकील
जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. सगळेच वकील सारखं लक्ष घालतील असं नाही, पण समरीच्या हरकतीसारख्या कामाला पुरेसं आहे.

मीनल_क
मग दोन लाखांचा अर्ज करायचा की नाही? तो केला तर "गाडी सापडत नाही हे तुम्हीच मान्य केलंत" असं नाही का होणार?

तालुका_वकील
नाही. तो अर्ज लगेच करा. प्रांत किंवा तहसीलदार हे चौकशी अधिकारी, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर, पैसे थेट बँकेत. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, दाजींचं आणि बहिणीचं ओळखपत्र, पासबुकाची प्रत आणि हमीपत्र जोडा. १ एप्रिल २०२२ पूर्वीच्या जुन्या योजनेत मृत्यूला अवघे २५,००० होते. त्यामुळे कार्यालयात कोणी जुना आकडा सांगितला तर ऐकू नका. उद्या गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर हे दोन लाख त्यातून परत जातात. कलम १६३ त्यासाठीच आहे. हक्क बुडत नाही.

एकच काळजी. न्यायाधिकरणात दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. तरी गाडीचा नंबर हाती आला की एक दिवसही घालवू नका. दावा बहीण जिथे राहते त्या जिल्ह्यातही लावता येतो, अपघात जिथे झाला तिथेच लावायला हवा असं नाही.

गोदाकाठ
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी हरकत, मग पैशाचं. मी म्हटलं दोन्ही एकाच आठवड्यात करू. विधी सेवा समितीतून एक वकीलताई मिळाल्यात, त्यांना पंचनामा दिला. तहसीलमध्ये अर्ज घेतला, पोच मिळाली. पुढची तारीख लागली की इथे लिहितो.

चाकवाला
गोदाकाठभाऊ, त्या तुकड्यांवरचा नंबर पोलिसांकडून किंवा कोर्टातून कळला तर मला व्यक्तिगत निरोप करा. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच गॅरेजवाल्यांना मी ओळखतो. हेडलाइट कोणाला विकला ते ते पोलिसांना सांगणार नाहीत कदाचित, मला सांगतील.

तालुका_वकील
चाकवाला, चांगलं काम कराल. फक्त मिळालेली माहिती स्वतः मालकाच्या दारात घेऊन जाऊ नका. वकीलताईंना द्या. त्या लेखी अर्जाने तपास अंमलदाराला देतील आणि त्याची पोच कोर्टाच्या फाइलला लावतील. तसं झालं तरच पुढे तिचा उपयोग होतो.